बिऱ्हाड पाठीवर, हप्ता डोक्यावर

आमच्या भाच्याचा, म्हणजे पिंटूचा, पुण्याहून फोन आला. "मामा, आम्ही घर घ्यायचं म्हणतोय."

"छान!" मी म्हणालो. "कुठं?"

"तीच तर गंमत आहे मामा. कुठंही!"

मला हे उत्तर पटलं. पुण्यात जागांचे भाव माणसाला कोथरूडहून वाकडला आणि वाकडहून हिंजवडीच्या पलीकडं ढकलत नेतात. ढकलत ढकलत आता मजल 'कुठंही'पर्यंत गेली असेल तर नवल नव्हतं. पण पिंटूच्या मनात काही वेगळंच होतं. त्याला चाकांवरचं घर घ्यायचं होतं. कॅम्पर व्हॅन.

पुढच्याच रविवारी तो आणि सूनबाई उस्मानाबादला आले. चुकलो, धाराशिवला आले. २०२३ साली सरकारनं नाव बदललं, पण पासष्टी ओलांडलेली जीभ जुन्याच रुळावरून घसरते. घर तसूभर न हलवता पत्ता बदलायची कला आमच्या जिल्ह्याला पूर्वीपासून अवगत आहे. आमचे आजोबा निजामाच्या राज्यात जन्मले, १९४८ साली हिंदुस्थानात आले, १९५६ साली द्विभाषिक मुंबई राज्यात गेले आणि १९६० साली महाराष्ट्रात उतरले. एवढा प्रवास त्यांनी ओसरीवरच्या बाजेवरून न उठता केला. अशा माणसाच्या पणतवाला प्रवासासाठी पंचवीस लाखांची गाडी लागावी, हा काळाचा महिमा.

पिंटूनं मोबाईलवर गाडीचे फोटो दाखवले. मूळची टेम्पो ट्रॅव्हलर. आतली बाकं काढून तिचं घर केलेलं. पलंग मोडला की टेबल होतं, टेबल मोडलं की पलंग होतो, आणि दोन्हीच्या खाली कपाट असतं. एक शेगडी, एक छोटा फ्रीज, हात धुवायचं भांडं, टपावर सूर्याची वीज, बाजूनं छत्रीसारखी उघडणारी पडवी. पडद्यामागं संडाससुद्धा. सगळं पाहून झाल्यावर हिनं एकच प्रश्न विचारला, "पोळपाट कुठं ठेवायचा?"

पिंटू गप्प बसला. पंचवीस लाखांच्या त्या घरात पोळपाटाची जागाच नव्हती.

"मामी, तिथं आपण पोळ्या करत बसणार नाही. तिथं आपण जगणार आहोत," सूनबाई म्हणाली. पोळ्या न करता जगणार म्हणजे कसं, याचा विचार ही अजून करते आहे.

मग मूळ मुद्दा निघाला. वीस लाखांची तजवीज पिंटूनं हप्त्यांवर केली होती. उरलेले पाच लाख मी माझ्या निवृत्तीच्या पैशातून घालावेत, आणि वर्षातले दोन महिने गाडी आमची. मी बत्तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला. इतिहासाच्या मास्तराकडं पैसे मागण्यातला धोका असा की तो आधी पूर्वपीठिका काढतो. मी पिंटूकडं एक महिन्याची मुदत मागितली आणि ग्रंथालयाची वाट धरली.

तर, निव्वळ हौसेखातर चाकांच्या घरात राहायला निघालेल्या माणसांत अगदी पहिल्या पाटावर बसवावा असा गृहस्थ म्हणजे डॉ. गॉर्डन स्टेबल्स. हा स्कॉटिश माणूस आरमारात डॉक्टर होता आणि पुढं मुलांसाठी साहसकथा लिहू लागला. १८८५ साली त्यानं ब्रिस्टलच्या एका वॅगन कारखान्यात स्वतःसाठी घरगाडी बांधून घेतली. वजन जवळपास दोन टन. तिचं नाव ठेवलं 'वाँडरर', म्हणजे भटकी. ती घेऊन तो इंग्लंडातून थेट स्कॉटलंडात इन्व्हर्नेसपर्यंत गेला, तेराशे मैल हिंडला आणि पुढच्या वर्षी त्यावर पुस्तक लिहिलं. साहेब एकांतात, निसर्गाच्या कुशीत राहायला निघाला तो एक गाडीवान, एक नोकर, दोन घोडे, एक कुत्रा आणि एक काकाकुवा घेऊन. नोकराचं काम काय, तर तीनचाकी सायकल मारत पुढं जायचं आणि अरुंद रस्त्यावर समोरून येणाऱ्यांना सांगायचं, बाजूला व्हा, मागून निसर्गप्रेमी येताहेत. १९०७ साली तर अशा हौशी मंडळींनी आपला क्लबच काढला.

पुढं घोडे गेले, इंजिन आलं. १९५० साली फोक्सवॅगननं ती जगप्रसिद्ध डबा-गाडी काढली आणि लगेच १९५१ साली वेस्टफालिया नावाच्या जर्मन कारखान्यानं तिच्यात झोपायची-खायची सोय करून दिली. साठ-सत्तरच्या दशकात हिप्पी मंडळी अशाच गाड्यांतून इराण, अफगाणिस्तान पालथं घालत गोव्याच्या हणजुण्याला येऊन पोचत. १९७९ साली इराणात क्रांती झाली, अफगाणिस्तानात रशियाचं सैन्य शिरलं आणि ती वाट मोडली.

त्यांतली एक गाडी मी डोळ्यांनी पाहिली आहे. १९७२चा दुष्काळ होता. मी पंधरा वर्षांचा. सोलापूर-हैदराबाद रस्त्यावर नळदुर्गच्या अलीकडं आमचं अख्खं गाव दुष्काळी कामावर खडी फोडत होतं. दुपारची सुकडी वाटायची वेळ, आणि एक रंगीबेरंगी डबा येऊन उभा राहिला. आतून दोन दाढीवाले, दोन बाया आणि एक उघडं पोर उतरलं. त्यांना पाणी हवं होतं. गाडीला की स्वतःला, ते कळलं नाही. वडिलांनी आपल्या घागरीतलं तांब्याभर दिलं. त्या वर्षी तांब्याभर पाणी ही देण्यासारखी वस्तू नव्हती. उघड्या दारातून आतलं बिछान्या-भांड्यांचं बिऱ्हाड दिसत होतं. गाडी धुरळा उडवून गेली तसं वडिलांनी हातोडा खाली ठेवून मला विचारलं, "काय रे, यांच्याबी गावाला दुष्काळ पडला का?"

मी तेव्हा फार हसलो. गावातला इंग्रजी येणारा एकुलता एक मुलगा असल्यामुळं मला हसायचा अधिकार होता. आता हसू येत नाही. आमच्या मुलखात चूल-बोळकी गाडीत घालून बायकापोरांसह निघालेला माणूस दोनच कारणांनी निघे. एक तर राज्य फार मोठं, नाही तर पोट फार रिकामं. मौज म्हणून निघालेलं बिऱ्हाड वडिलांनी पाहिलेलंच नव्हतं.

मोठ्या राज्याचं उदाहरण हवं तर औरंगजेब बादशहा. १६८१ साली तो दक्षिणेत यायला निघाला आणि १७०७ साली अहमदनगरला वारला. तेवढी सगळी वर्षं छावणीत. दिल्ली पुन्हा दिसली नाही. आमच्या जिल्ह्याच्या हद्दीपासून फार लांब नाही अशा भीमाकाठच्या ब्रह्मपुरीला तर त्यानं १६९५पासून चार वर्षं तळ ठोकला होता. जेमेल्ली करेरी नावाच्या इटालियन प्रवाशानं त्याची गलगल्याची छावणी पाहून लिहून ठेवलं आहे: घेर तीस मैलांचा, आत बाजार अडीचशे. मोगलांची पद्धत अशी की तंबूंचे दोन पुरे संच. एका संचात बादशहा झोपायचा, दुसरा पुढच्या मुक्कामी आधीच उभा. त्या पुढं जाणाऱ्या लवाजम्याला पेशखाना म्हणत. अकबराच्या वेळचा हिशेब ऐन-इ-अकबरीत आहे: एका मुक्कामाच्या सामानाला शंभर हत्ती, पाचशे उंट, चारशे गाड्या आणि शंभर हमाल. मी हे सगळं रात्री जेवताना हिला सांगितलं. ती म्हणाली, "पंचवीस वर्षं सहल, आणि परत घरी नाहीच? बायका काय म्हणत असतील हो!" याचं उत्तर मला कुठल्याच बखरीत सापडलं नाही.

बादशहा गेले, साहेब आले. १८५३ साली निजामानं नळदुर्गचा मुलूख इंग्रजांच्या हवाली केला आणि कारभार पाहायला आले कॅप्टन मेडोज टेलर. ठगाची कबुली लिहून विलायतेत गाजलेला हा लेखक. त्याला आमचं तुळजापूर इतकं आवडलं की त्यानं तिथं घर बांधलं, आणि पुढं १८६३ साली 'तारा' ही कादंबरी लिहिली तिची सुरुवातही तुळजापुरातच केली. १८६० साली मुलूख निजामाकडं परत गेला, पण अंमलदारांचे डेरे-दौरे चालूच राहिले. निजामाच्या राज्यात कलेक्टरला अव्वल तालुकदार म्हणत. तो गावोगाव हिंडायचा तेव्हा त्याचे डेरे वाहायला गाड्या, कडबा, कोंबड्या, सरपण सगळं वेठीनं. आजोबा सांगायचे, दौऱ्याची दवंडी झाली की गावातले धडधाकट बैल एका रात्रीत लंगडायला लागत. आमचा ढवळ्या-पवळ्यापैकी ढवळ्या या कामात फार तयार होता. शिपाई दिसला की पाय आपोआप उचलून धरायचा, असं आजोबा सांगत. आजोबांचं सगळंच खरं धरायचं नसतं.

आणि रिकाम्या पोटाची बिऱ्हाडं? बंजाऱ्यांचे तांडे बैलांच्या पाठीवर धान्याच्या गोण्या टाकून फौजांच्या मागोमाग चालायचे. रेल्वे आली, माल तिच्यातून जाऊ लागला, बैलांच्या पाठी मोकळ्या झाल्या. आज तुळजापूर-उमरग्याकडं तांड्यांच्या वस्त्या आहेत त्यांच्या मागं ती गेलेली रोजी आहे. इंग्रज सरकारनं १८७१ साली कायदा करून देशातल्या कितीतरी भटक्या जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवायला सुरुवात केली. शेजारच्या सोलापुरात पारध्यांसारख्यांना काटेरी तारेच्या आत ठेवून हजेऱ्या घेतल्या जात. तो कायदा उठला १९५२ साली. आता तारखा शेजारी ठेवून बघा. १८७१ साली राणीचं सरकार म्हणतं, जो घर घेऊन फिरतो तो चोर. १८८५ साली त्याच राणीचा डॉक्टर घर घेऊन फिरतो आणि लोक रस्त्यात थांबून टोप्या काढतात. परीक्षेत मी हा प्रश्न कधी घातला नाही, घालायला हवा होता: फरक स्पष्ट करा, गुण पाच.

हे फार जुनं झालं म्हणाल तर दसरा-दिवाळीच्या सुमाराला भूम, वाशी, कळंबच्या रस्त्यावर जाऊन उभे राहा. मुकादमाकडून उचल घेतलेली ऊसतोडीची माणसं निघतात. हिशेबात माणसं मोजत नाहीत, कोयते मोजतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. टायरच्या बैलगाडीत किंवा ट्रकच्या हौद्यात पत्र्याची पेटी, कोपीचे बांबू, ज्वारीचं पोतं, करडू, कोंबडी आणि सगळ्यांत वर टोपरं घातलेलं पोर. कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत पाच-सहा महिने पाचटाच्या कोपीत संसार. पिंटूच्या व्हॅनमधल्या यादीशी मी ही यादी ताडून पाहिली. पाण्याचं पिंप, चूल, अंथरूण, दिवा, बाजूनं ओढायचं छप्पर. सामान जवळपास सारखं. शिवाय यांच्याकडं पोळपाट असतो. हप्ता मात्र दोघांच्याही डोक्यावर; त्याचा बँकेचा, यांचा मुकादमाचा.

माझ्या पुराव्यांच्या गठ्ठ्यात हौसेची बाजू अगदीच लंगडी पडायला नको म्हणून सांगतो, एक गाडी होती. चैत्री पौर्णिमेला येरमाळ्याच्या येडाईच्या जत्रेला जाणारी. गाडीवर तट्ट्या बांधायचा, खाली कडबा, वर वाकळ. मागं घागर टांगलेली, आसाला कंदील. आत आई, आत्या, आम्ही भावंडं आणि शेजारचे दोन आगंतुक. वाटेत झाडाखाली तीन दगडांची चूल, पिठलं-भाकरी, पुन्हा गाडी. कुत्रं गाडीच्या सावलीतून चालायचं आणि गाडी आपणच ओढतो आहोत अशा चेहऱ्यानं आमच्याकडं पाहायचं. हप्ते फेडणाऱ्या माणसाचा चेहरा मला हल्ली तसाच दिसतो. तीन दिवसांत घरी परत. आईला वर्षाची सुटी एवढीच, आणि त्या सुटीतही भाकऱ्या तिच्याच हातच्या. पण तट्ट्याखाली बसल्यावर तिच्या डोक्यावरचा पदर जरा मागं सरकायचा, ते मला आठवतं.

इथवर लिहून मी पिंटूला नकार कळवणार होतो. पूर्वपीठिका पुरी झाली होती. पण एक गाडी मी मुद्दाम टाळत होतो.

माझी धाकटी बहीण शकू सास्तूरच्या बाजूला दिली होती. सासर खातंपितं. खातंपितं म्हणजे आमच्याकडं दोन हात रुंद दगडी भिंती आणि वर हातभर मातीचं माळवद. माळवद जितकं जाड तितकं घर थंड आणि तितकं घराणं मोठं. सोयरीक जमवताना आम्ही पोरीकडचे लोक मान वर करून माळवद बघायचो. १९९३ साली अनंत चतुर्दशीला गणपती बोळवून सगळे उशिरा झोपले. पिंटू दोन वर्षांचा, अंगात ताप, रडं थांबेना. सासूबाईंची झोप मोडू नये म्हणून शकू त्याला घेऊन अंगणात आली आणि सोडून ठेवलेल्या बैलगाडीत जाऊन बसली. थोपटता थोपटता तिचाही डोळा लागला. पहाटे चार वाजायला चार मिनिटं कमी असताना जमीन हलली. ती तारीख ३० सप्टेंबर. गाडी हलली, जागची जरा सरकली, आणि थांबली. घर राहिलं नाही. आत पाहुणे होते आमचे, आणि सासूबाई.

मी तिसऱ्या प्रहरी पोचलो तेव्हा ती गाडीतच होती. खाली उतरायला तयार नव्हती. पुढं पाऊस आला तेव्हा आम्ही साट्यावर ताडपत्री बांधली. पत्र्याचं शेड मिळेपर्यंत मायलेकरं त्या गाडीत राहिली. मी, ही, आमची पोरं आळीपाळीनं त्यांच्या सोबतीला. चूल चाकाला टेकून. पुढं नवं गावठाण झालं, तिला घरही मिळालं, पण ती आमच्याकडंच आली आणि पिंटू आमच्याच अंगणात मोठा झाला. आता ती लेकाजवळ पुण्यात अकराव्या मजल्यावर असते. झोपते गॅलरीत. चपला उशाला.

पिंटूला हे सगळं माहीत आहे. म्हणजे ऐकून माहीत आहे. त्याला आठवत काही नाही. 'लहानपणापासून मला कॅम्पिंगची फार ओढ आहे' असं तो मित्रांना सांगतो तेव्हा शकू उठून पाणी आणायला जाते.

महिन्याची मुदत संपायच्या आत पिंटूनं तशीच एक व्हॅन शनिवार-रविवारपुरती भाड्यानं आणली. शकूही बरोबर होती. व्हॅन आमच्या गल्लीत शिरली आणि पाच मिनिटांत तिच्याभोवती रांग लागली. कोपऱ्यावरचे अण्णा तर बाही वर करून पहिलेच उभे. फिरता दवाखाना आलाय अशी बातमी पसरली होती. "रक्तदाब बघत नाही? मग एवढी मोठी गाडी कशाला?" असं म्हणून ते रागानं निघून गेले. दुपारी आम्ही नळदुर्गच्या किल्ल्यापर्यंत जाऊन आलो. बोरी नदीच्या धरणातला पाणीमहाल बघितला, पडवी उघडून चहा केला. चहा बरा झाला होता. वाटेत टेबलाचा पलंग करताना माझं बोट सापडलं, पण इतिहासात अशा किरकोळ जखमांची नोंद घेत नाहीत.

रात्री प्रश्न निघाला, व्हॅनमध्ये झोपणार कोण? पिंटू-सूनबाई दिवसभर गाडी चालवून दमली होती, ती आत माझ्या खोलीत आडवी झाली. मी आणि ही ओसरीवर. शकू अंगणात उभ्या केलेल्या व्हॅनपाशी गेली. आत चढली, दिवा लावला, उभी राहिली आणि हात उंचावून छतावर बोटांनी टकटक केलं. मग पुन्हा एकदा केलं.

"दादा, हे कशाचं रे?"

"पत्रा आहे. आतून लाकडी फळी मारलीय नुसती."

"वर काही नाही ना?"

"वर वीज तयार करायची तावदानं आहेत. हलकी असतात."

तिनं दिवा मालवला. मला बराच वेळ झोप आली नाही. गाडीची चाकं सरकू नयेत म्हणून मी उठून दोन चाकांपुढं दगड लावून आलो.

सकाळी चहा झाला, पेपर आला, ऊन तुळशीवृंदावनावरून खाली उतरलं तरी व्हॅनचं दार बंदच. पिंटू घाबरून धावला. मी त्याला हातानं थांबवलं. आठ वाजून गेल्यावर दार उघडलं. केस विस्कटलेले, गालावर उशीचा वळ, अनवाणी. चपला आत कुठंतरी राहिल्या होत्या. "अगबाई, एवढं ऊन!" म्हणाली, आणि ओसरीच्या पायरीवर बसून राहिली. कितीतरी वेळ पिंटू तिच्याकडं बघत होता. मग मोबाईल खिशात ठेवून तिच्याशेजारी जाऊन बसला.

व्हॅन सोमवारी दहाच्या आत पुण्याला परत करायची होती, उशीर झाला तर तासाला दंड होता, त्यामुळं पुढचं बोलणं राहूनच गेलं. जाताना हिनं धपाटे आणि शेंगांची चटणी बांधून दिली. पाच लाखांचं अजून ठरलेलं नाही. माझ्या नकाराच्या पत्राचा मसुदा टेबलाच्या खणात पडून आहे. हिनं मात्र मधल्या वेळात व्हॅनमध्ये शिरून पलंगाच्या खालचं कपाट आणि भिंत यांच्यातली फट वितीनं मोजून घेतली. पोळपाट उभा ठेवला तर बसतो म्हणते.